घड्याळ म्हणतं लय चुकली, होल्टर म्हणतो सगळं ठीक

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी मिरजेची, वय ७२. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, शुगरची त्यानंतर सुरू झाली. दिवाळीत पुण्याच्या लेकीने ईसीजीची सोय असलेलं स्मार्ट घड्याळ आणून दिलं. तेव्हापासून त्याने दोनदा सूचना दिली की हृदयाची लय अनियमित वाटते, डॉक्टरांना दाखवा. दोन्ही वेळा पहाटे, मी झोपेत असताना. मला काहीही जाणवलं नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, चांगला आला. मग अंगावर २४ तास ईसीजी नोंदवत राहणारा होल्टर लावला, तोही नॉर्मल. ते म्हणाले, घड्याळाकडे लक्ष देऊ नका. लेकीचा जीव मात्र थाऱ्यावर नाही. माझे ठोके तिच्या फोनवर दिसतात, त्यामुळे उजाडायच्या आत फोन येतो, "आई, रात्री १०४ कशाने झाले?" शेजारच्या वहिनी म्हणतात, सरळ ॲस्पिरिन सुरू करा, रक्त पातळ राहतं. जिना चढले की घड्याळात ११८ दिसतात, म्हणून मी भजनाला जाणं बंद केलंय. आमचं मंडळ दुसऱ्या मजल्यावर भरतं. हे म्हणतात, घड्याळ कपाटात टाक आणि झोप. आता तुम्हीच सांगा, खोटं कोण बोलतंय, घड्याळ की होल्टर?

उत्तर

ताई, नमस्कार.

बहुधा दोघंही खरं बोलतायत. होल्टरने त्याच्या वाट्याला आलेल्या २४ तासांचा हिशोब दिला, आणि त्या २४ तासांत तुमची लय ठीक होती. घड्याळाने इशारा दिला त्या दोन रात्री वेगळ्या. ज्या तक्रारीची शंका आहे ती कधी येते, कधी जाते, आठवडेच्या आठवडे तोंड दाखवत नाही. त्यामुळे एका दिवसाच्या होल्टरवरून 'त्या दिवशी नव्हतं' इतकंच म्हणता येतं. तुमचे डॉक्टर चुकले असं मी म्हणत नाही. ईसीजी आणि होल्टर ही पायरी त्यांनी बरोबरच घेतली. फक्त तपास तिथे थांबवू नये, असं माझं मत आहे, आणि ते तुमचं वय, बीपी आणि शुगर बघून आहे.

शंका आहे ती एट्रियल फिब्रिलेशनची. डॉक्टर मंडळी थोडक्यात 'एएफ' म्हणतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये विजेचे संदेश सैरावैरा धावू लागतात, कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, आणि खालच्या कप्प्यांचे ठोके कुठल्याच हिशोबात पडत नाहीत. तुम्ही भजनातल्या, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. पखवाजावर एखादी थाप जादा पडली आणि वादक पुन्हा समेवर आला, तर ते साधे जादा ठोके. उतारवयात ते पुष्कळांना असतात आणि बहुतेक वेळा त्यांनी काही बिघडत नाही. एएफमध्ये समच सापडत नाही.

यात भीती ठोक्यांची कमी आणि गुठळीची जास्त. वरचा डावा कप्पा थरथरत राहिला की त्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साचतं, गोठतं, आणि त्यातली गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो. धडधड, दम, थकवा ही लक्षणं असतीलच असं नाही. कित्येकांना एएफ असल्याचं पहिल्यांदा कळतं ते पक्षाघात होऊन दवाखान्यात दाखल झाल्यावर. म्हणून "मला काहीच जाणवलं नाही" या तुमच्या वाक्याने मी निश्चिंत होत नाही.

आता घड्याळाकडे येऊ. त्याच्या पाठीला हिरवा दिवा असतो. कातडीखालून जाणारं रक्त प्रत्येक ठोक्याला कमीजास्त होतं, त्यावरून ते दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतं. हात हलला, पट्टा सैल असला, हाताला कंप असला की गणित चुकतं. म्हणून अशा सूचना देणारी घड्याळं बहुतेक करून माणूस स्वस्थ असताना लय तपासतात. तुम्हाला दोन्ही सूचना पहाटे आल्या, यात म्हणून फारसं नवल नाही. एखादा ठोका चुकला म्हणून ती लगेच बोंब ठोकत नाहीत. ॲपलच्या घड्याळावर झालेल्या अभ्यासात ४८ तासांतल्या सहा तपासण्यांपैकी पाच अनियमित आल्या तरच सूचना जात असे. त्या अभ्यासात अमेरिकेतले ४ लाख १९ हजार लोक होते आणि २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सूचना आली जेमतेम अर्धा टक्का लोकांना. ६५ च्या पुढच्यांत मात्र तीन टक्क्यांच्या आसपास. सूचना आलेल्यांना नंतर छातीवर चिकटवायची ईसीजीची पट्टी पाठवली, तेव्हा ज्यांच्या पट्ट्या परत आल्या त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांमध्ये एएफ दिसला.

हा ३४ चा आकडा लेकीला दाखवा आणि यजमानांनाही. लेक म्हणेल, बघा, तिघांत एक! हे म्हणतील, बघ, तिघांत दोघांना काहीच नाही! दोघांनाही मी थांबवेन. उरलेल्यांपैकी काहींच्या बाबतीत घड्याळाचा अंदाज चुकला असेल, आणि काहींचा एएफ पट्टी लावेपर्यंत विरून गेला असेल, जसा तुमच्या होल्टरच्या दिवशी झाला असू शकतो. म्हणजे घड्याळाच्या सूचनेवर निदान होत नाही, औषध तर नाहीच नाही. पण बीपी आणि शुगर असलेल्या ७२ वर्षांच्या बाईला ती दोनदा येते, तेव्हा ती कपाटात टाकून देण्याजोगीही नसते.

निदानाला लागतो ईसीजी. एएफची लय कमीत कमी ३० सेकंद ईसीजीवर पकडली गेली आणि ती डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिली, की मग बोलणं. ती पकडायची कशी, एवढाच आता प्रश्न आहे.

त्याचं अर्धं उत्तर तुमच्या मनगटावरच आहे. घड्याळात ईसीजीची सोय आहे ना, मग हिरव्या दिव्यावर अवलंबून राहायचं कारण नाही. खुर्चीत टेकून बसा, दोन्ही हात टेबलावर ठेवा, हात कोरडे हवेत. दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या ठरलेल्या जागी हलकं टेकवून ३० सेकंद गप्प बसा. बोलायचं नाही, यजमानांनी काही विचारलं तरी. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ एकेकदा काढा, शिवाय कधी धडधडलं, घेरी आल्यासारखं वाटलं किंवा पुन्हा सूचना आली तर लगेच एकदा. हा मी माझ्या मनाने काढलेला उपाय नव्हे. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या लोकांना बोलावून, हातात धरायचं छोटं यंत्र देऊन दोन आठवडे रोज असाच ईसीजी काढायला लावला होता. पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं तेव्हा पक्षाघात, रक्तस्राव, मृत्यू वगैरे सगळं मिळून त्यांना थोडासा फायदा दिसला. थोडासाच, हेही सांगायला हवं.

घड्याळ 'अनिर्णित' म्हणालं तर घाबरू नका. हात हलला तरी ते तसं म्हणतं, आणि काही घड्याळं ठोके फार कमी किंवा फार जास्त असले तरी म्हणतात. प्रत्येक नोंदीचा पीडीएफ निघतो. तो लेकीने छापून डॉक्टरांना द्यावा. वरचा यंत्राचा शेरा महत्त्वाचा नाही, खालच्या रेघा महत्त्वाच्या. आणि लक्षात असू द्या, हा एका तारेचा ईसीजी आहे. हार्ट ॲटॅक त्यात कळत नाही. छातीत दाब आला, घाम सुटला आणि घड्याळ म्हणालं 'लय ठीक', तर घड्याळाला रामराम करून दवाखाना गाठायचा.

(लेकीच्या घड्याळाचं कौतुक ऐकून मंडळातल्या बाकीच्या बायका बाजारातलं स्वस्त घड्याळ घेतील, म्हणून हेही लिहितो. ईसीजी, बीपी आणि शुगर सगळं मनगटावर दाखवणाऱ्या स्वस्त घड्याळांच्या आकड्यांवर औषधाचा निर्णय घेऊ नका. त्यापेक्षा नाडी पाहायला शिका. अंगठ्याच्या बुंध्याखाली, मनगटावर तीन बोटं ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. किती, याहून महत्त्वाचं म्हणजे एकसारखी पडते का. घरच्या बीपीच्या बऱ्याच यंत्रांतही अनियमित ठोक्यांची खूण उमटते. ती वारंवार दिसली तर साधा ईसीजी काढावा. ६५ पुढच्यांची नाडी दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी हाताने पाहावी, हा सल्ला युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दिला आहे, आणि त्याला काही खर्च येत नाही.)

दुसरं अर्धं उत्तर तुमच्या डॉक्टरांकडे आहे. त्यांना विचारा, की २४ तासांऐवजी सात किंवा चौदा दिवसांची पट्टी लावता येईल का. छातीवर चिकटवायची, तारा लोंबत नाहीत, पुष्कळ पट्ट्यांवर अंघोळही चालते. मिरजेत नाही मिळाली तर सांगली-कोल्हापुरात किंवा पुण्यात चौकशी करता येईल. कातडीखाली बसवायचं, वर्षानुवर्षं नोंद ठेवणारं छोटं यंत्रही असतं, पण तुमच्यासाठी ते आत्ता मी सुचवणार नाही. कारण न कळता चक्कर येऊन पडणाऱ्यांना किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना त्याचा खरा उपयोग.

पट्टी लावली किंवा पुन्हा होल्टर लावला, तर एक पथ्य. त्या दिवसांत नेहमीसारखंच वागा. आमच्याकडे होल्टर लावला की माणूस आजारी असल्यासारखा पलंगावर पडून राहतो, पेज पितो, आणि मग रिपोर्ट पडून राहिलेल्या माणसाचा येतो. भाजी आणा, जिना चढा, भांडायचं असेल तर भांडा. किती वाजता काय केलं आणि काय वाटलं, ते वहीत लिहा. त्या वहीवाचून रिपोर्ट अर्धा मुका असतो. हे यंत्र पहिल्यांदा बनवणारे नॉर्मन होल्टर अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी केलेलं यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं आणि ते पाठीवर बांधून फिरावं लागे. एवढं ओझं घेऊन माणूस फिरत होता, ते फिरतानाचं हृदय बघायला मिळावं म्हणूनच!

आता वहिनींची ॲस्पिरिन. नको. एएफमधल्या गुठळीवर ॲस्पिरिनचा उपयोग फार तोकडा आहे आणि पोटात रक्तस्राव करायची तिची खोड मात्र पूर्ण आहे, त्यात वय ७२. २०११ मध्ये पाच हजारांहून जास्त एएफच्या रुग्णांवर ॲस्पिरिन आणि ॲपिक्साबान ही रक्त पातळ करणारी नवी गोळी यांची तुलना झाली. ॲपिक्साबान घेणाऱ्यांत पक्षाघात निम्म्याहून कमी झाले आणि मोठे रक्तस्राव जवळपास सारखेच राहिले. म्हणजे ॲस्पिरिनमध्ये धोका घ्यायचा आणि संरक्षण मिळवायचं नाही, असा तो सौदा. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टर सांगतील. वहिनींना चहा पाजा.

एएफ ईसीजीवर सापडलाच तर काय, हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे त्या दिवशी गडबड नको. रक्त पातळ करण्याची गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टर गुण मोजून ठरवतात. वय ६५ ते ७४ ला एक गुण, ७५ पुढे दोन. बीपीचा एक, मधुमेहाचा एक. पूर्वी पक्षाघात झाला असेल तर दोन. हृदय कमजोर असेल किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर त्यांचा एकेक. बाई असण्याचाही एक गुण धरत; युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो काढून टाकला. तो सोडूनही तुमचे तीन होतात, आणि दोनला गोळीची शिफारस आहे. म्हणून तुमच्या बाबतीत शोध घेण्यात अर्थ आहे: सापडलं तर त्यावर करण्यासारखं काही आहे. हेच घड्याळ बीपी-शुगर नसलेल्या चाळिशीच्या माणसाला ओरडलं असतं, तर मी एवढं लिहिलं नसतं.

गोळी ठरण्याआधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायला लागेल. आपल्याकडे लहानपणी सांधे सुजून ताप येऊन गेलेल्यांच्या हृदयाच्या झडपा पुढे खराब झालेल्या निघतात, आणि एएफ त्यातूनही येतो. तुम्हाला तसं काही झालं होतं का, आठवून ठेवा. डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली झडप बरीच आवळली असेल तर नव्या गोळ्या चालत नाहीत, जुनी वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल आणि तिच्याबरोबर रक्त किती पातळ झालं ते सांगणारी आयएनआरची रक्ततपासणी हाच मार्ग. झडप ठीक असेल तर ॲपिक्साबान, रिव्हरॉक्साबान, डाबिगाट्रान यांपैकी एक; त्यांचा डोस ठरवताना मूत्रपिंडाचं काम पाहतात, म्हणून क्रिएटिनिनची रक्ततपासणी हवी. थायरॉइडही तपासा, ते वाढलं की लय बिघडते. आणि यजमानांना एक प्रश्न विचारा: रात्री घोरता घोरता तुमचा श्वास मध्येच थांबतो का? झोपेतल्या या आजाराचा आणि एएफचा जवळचा संबंध आहे, आणि तुमच्या दोन्ही सूचना झोपेतल्या आहेत. घड्याळ कपाटात टाकायला निघालेल्या माणसाची साक्ष इथे घड्याळापेक्षा मोलाची ठरेल.

एएफ सापडला पण अगदी क्षणभराचा, तर? इथे तज्ज्ञांतही एकमत नाही. डेन्मार्कमध्ये ७० ते ९० वयाच्या, बीपी किंवा शुगरसारखा काहीतरी त्रास असलेल्या ६,००४ जणांचा अभ्यास झाला, म्हणजे तुमच्यासारख्याच लोकांचा. काहींच्या कातडीखाली ते नोंद ठेवणारं यंत्र बसवलं. त्यांच्यात जवळपास ३२ टक्क्यांना एएफ सापडला, बाकीच्यांत १२ टक्क्यांना. गोळ्याही साहजिकच जास्त लोकांना सुरू झाल्या. पण पाच वर्षांहून जास्त काळ पाहिल्यावर पक्षाघातातला फरक खात्रीने सांगण्याइतका निघाला नाही. हे २०२१ चं. याचा अर्थ मी असा लावतो, की बारीक चाळणीने शोधलं तर पुष्कळ सापडतं आणि सापडलेलं प्रत्येक घातक नसतं. तेव्हा "सापडलं का" याच्याबरोबर "किती वेळ चाललं होतं" हेही डॉक्टरांना विचारा. काही मिनिटांचं असेल तर गोळीचा फायदा आणि रक्तस्रावाचा धोका त्यांनी तुमच्यासमोर तोलावा.

राहिलं भजन. ताई, दोन मजले चढल्यावर ११८ ठोके पडणं हे तुमच्या वयाला अगदी रीतसर आहे. चढताना हृदयाने वेग घ्यायलाच हवा. बसल्यावर काही मिनिटांत ते खाली येतात ना, मग पुढच्या वेळेपासून जा. रात्रीचे १०४ सुद्धा एखादं स्वप्न, बाथरूमला उठणं किंवा सैल पट्टा यांपैकी कशानेही होऊ शकतात. मी घाबरेन ते वेगळ्या गोष्टींना. स्वस्थ बसल्यावरही ठोके ११०-१२० च्या वर राहतायत आणि दम लागतोय. किंवा चाळिशीत उतरलेत आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. किंवा शुद्ध हरपून पडलात. तेव्हा थेट दवाखाना. आणि तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं जड झालं, तर १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. ही खूण यजमानांना पाठ हवी, कारण अशा वेळी तुम्हाला स्वतःला फोन लावता येईलच असं नाही.

लेकीला हे पत्र वाचायला द्या. तिचं चुकलं नाही. तिच्या घड्याळामुळेच हे सगळं विचारायची वेळ आली. पण पुण्यात बसून आईचा प्रत्येक ठोका बघत राहिल्याने ना आईची लय सुधारते ना तिची झोप. अनियमित लयीची सूचना आली तर तिला कळावी, एवढं ठेवा. ठोक्यांचे आकडे तिच्या फोनवर जाणं सेटिंगमध्ये बंद करता येतं, आणि ते तिनेच बंद करावं. शेवटी हृदय तुमचं आहे. काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा. सकाळच्या फोनवर तिने नातवंडांचं सांगावं. पीडीएफ आठवड्यातून एकदा, रविवारी.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. त्यात गुडघेदुखीची, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा, कारण रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली तर तिच्याबरोबर ती चालणार नाही. काचबिंदूसाठी डोळ्यांत थेंब घालत असाल तर ती बाटलीही न्या. त्यातल्या टिमोलॉलसारख्या औषधाने ठोके कमी होतात, आणि डोळ्यांचं औषध हृदयाच्या डॉक्टरांना सांगायचं असतं हे कुणाच्याच लक्षात येत नाही.